चौबळसाहेबांचं खातं

चौबळसाहेब माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी त्याच्या अंगावरच्या कापडाकडे बघत. मी लग्न होऊन सुरतेला नानपुऱ्यात राहायला आले, त्याच आठवड्यात जिन्यात आमची गाठ पडली. माहेरची नवी साडी नेसून मी तोऱ्यात खाली उतरत होते आणि हे गृहस्थ वर येत होते. उंच, किडकिडीत, पांढरा बुशशर्ट, खिशात घडीचं एक छोटं भिंग. त्यांनी माझ्या पदराकडे पाहिलं, थांबले, आणि ओळख ना पाळख, म्हणाले, "पदराजवळ आडवा धागा सुटलाय. दुकानदारानं फसवलं तुम्हाला." एवढं बोलून ते वर निघून गेले. मी तशी पहिल्यापासून तोंडाळ, पण मी तोंड उघडेपर्यंत वर त्यांचं दार लागलंही होतं. संध्याकाळी साडी उजेडात धरून पाहिली. धागा खरंच सुटलेला होता, आणि त्यामुळे तर मला त्यांचा जास्तच राग आला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोनं, माईंनी, वाटीभर लोणचं घेऊन माझं दार वाजवलं. आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांत एकच भिंत होती. "ह्यांचं मनावर घेऊ नकोस गं," त्या म्हणाल्या. "आमच्या लग्नात ह्यांनी अंतरपाटसुद्धा उलटा करून पाहिला होता. भटजी मंगलाष्टकं थांबवून उभे, माझे मामा लालबुंद झालेले, आणि हे म्हणतायत, कापड चांगलं आहे." सांगताना त्या इतक्या हसल्या की लोणच्याचं तेल माझ्या उंबऱ्यावर सांडलं. मला त्या त्याच दिवशी आवडल्या. साहेब आवडायला थोडा वेळ लागला.

साहेब संरक्षण खात्यात होते. आमच्या इमारतीतल्या लोकांना त्याचा मोठा अभिमान. खालच्या पारशी बाईंना तर वाटे की त्यांच्या कपाटात बंदूक असणार. प्रत्यक्षात ते कापडाचे तपासनीस होते. उधन्याच्या रस्त्यावर एका गिरणीत लष्करासाठी मच्छरदाण्यांचं कापड विणलं जाई. तयार झालेला प्रत्येक तागा त्यांच्या उतरत्या टेबलावरून सरकायचा, त्यांनी तो उत्तरेच्या उजेडात बघायचा, भिंगाखाली धागे मोजायचे आणि पास की नापास ते सांगायचं. नापास शब्द त्यांच्या तोंडी फार. बाजारात वांगी नापास होत, शेजारच्या लग्नातला मांडव नापास होई, माझी गव्हल्याची खीर एकदा "सवलतीत पास" झाली होती.

गिरणीचे मालक जयंतीभाई रोज त्यांना चहा पुढे करत. "साहेब, चा तो पीओ! चामां शी लांच?" चहात कसली लाच, असं त्यांचं म्हणणं. साहेब आपल्या पिशवीतला थर्मास काढून म्हणत, "शेठ, तुमचा चहा फार चांगला असतो असं ऐकलंय, म्हणूनच पीत नाही." पाणीसुद्धा घरचं. जयंतीभाईंनी बरीच वर्षं त्यांच्यासाठी चहा मागवला आणि बरीच वर्षं तो त्यांच्या टेबलावर थंड झाला. दोघांनाही त्याची सवय झाली होती.

त्यांच्या या काटेकोरपणामागे काय होतं ते मला माईंनी सांगितलं. चीनच्या लढाईच्या वेळी साहेब कानपूरला होते. तिथल्या इस्पितळात बर्फात लढून आलेली मुलं त्यांनी पाहिली. कुणाच्या पायाची बोटं गेलेली, कुणाचं पाऊलच. साहेब घरी आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. तोवर ते नोकरी म्हणून कापड बघत होते, त्यानंतर त्यांना प्रत्येक ताग्याखाली कोणीतरी झोपलेलं दिसायला लागलं.

मी मराठी शाळेत नागरिकशास्त्र शिकवत असे. पुस्तकात संरक्षण खात्यावर एकच परिच्छेद होता, तोही असा की वाचताना मुलं आणि मी बरोबरच जांभया द्यायचो. म्हणून एका शनिवारी मी साहेबांना वर्गावर बोलावलं. ते आले ते एक लष्करी मोजा घेऊन. मुलांना वाटलं तोफेचं चित्र तरी आणतील.

"लष्करात सगळ्यात वर कोण?" त्यांनी विचारलं.

"सरसेनापती!" सगळा वर्ग ओरडला.

"नापास," साहेब म्हणाले. पहिल्या बाकावर सर्दीनं नाक पुसत बसलेल्या एका मुलीला त्यांनी उठवलं आणि माझ्या खुर्चीत बसवलं. "ही संरक्षणमंत्री. हिनं आयुष्यात बंदूक उचललेली नाही, तरी ही वर. कारण हिला लोकांनी निवडून दिलंय." मग तिच्या शेजारी एक सचिव उभा केला, जो सगळं वाचून मग तिच्यापुढे ठेवणार. एक चष्मेवाला मुलगा अर्थखात्याचा सल्लागार झाला. त्याचं काम एकच, जो काही मागेल त्याला "कशाला हवं?" विचारायचं. तीन मुलं तीन दलांचे प्रमुख म्हणून एका बाकावर, एकाच उंचीवर बसवली. "भूदल मोठं म्हणून त्याचा बाक मोठा नाही," असं त्यांनी बजावलं. एक कोपरा शस्त्रं आणि सामान बनवणाऱ्या विभागाचा, त्यात कारखाने आणि तपासनीस. एक कोपरा संशोधनवाल्यांचा. आणि मग खिडकीपर्यंत पसरलेली बाकीची पिलावळ. छावण्यांच्या जमिनी, सैनिकांची इस्पितळं, दुधाच्या डेऱ्या, खेचरं, एन.सी.सी., निवृत्त जवानांना काम शोधून देणारे. वर्गात एक मुलगा खेचर झाला होता आणि तो सगळ्यात खूश होता.

मग मोजा निघाला. जवानाला मोजा हवा, तो मागणार कुणाकडे, मोजा कसा असावा हे ठरवणार कोण, विकत घेणार कोण, विणणार कोण, तपासणार कोण, साठवणार कोण, डोंगरावर पोचवणार कोण. मोजा हातोहात वर्गभर फिरला आणि शेवटी खेचराच्या पाठीवर बसला. "आणि हा फाटका निघाला," साहेब म्हणाले, "तर लोकसभेत उभं राहून उत्तर देणार ही." सर्दीवाल्या मंत्र्यांनी भोकाड पसरलं. साहेब इतके घाबरले की त्यांनी तिला आपला रुमाल दिला, आणि तो कुठल्या गिरणीचा आहे तेही सांगितलं.

एका मुलानं विचारलं, "आणि सर, माणसांचं कोण बघतं?" साहेब लगेच म्हणाले, "भूदलाच्या मुख्यालयात ॲडज्युटंट जनरलची शाखा असते. एजी म्हणतात. भरती, पगार, रजा, जखमी, मयत, पेन्शन, माणसाचं जे जे होतं ते तिथे." त्यानंतर दर वर्षी मी तो धडा तसाच शिकवला. खात्याचा तो नकाशा माझ्या इतका डोक्यात बसला की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी कुठला विभाग कुणाखाली ते मी सांगितलं असतं.

त्यांचा मुलगा श्रीधर लष्करात अधिकारी होता. एकुलता एक. रजेवर आला की जिन्यात बुटांचा आवाज येई आणि माईंचा आवाज भिंतीपलीकडून दुप्पट होई. पहिल्यांदा गणवेशात घरी आला तेव्हा साहेबांनी त्याला मिठी मारायच्या आधी कॉलर उलटून पाहिली. श्रीधर ताठ उभा राहून म्हणाला, "पास का साहेब?" माई मागून ओवाळणीचं ताट घेऊन ओरडत होत्या, "अहो, मुलगा आहे तो, तागा नाही!"

बापलेकांचा एक वाद कायम चाले. श्रीधर विचारायचा, "बाबा, मी तुमच्यापेक्षा वरचा की खालचा?" साहेब ते अगदी गंभीरपणे घेत. ताटाभोवतीच्या रांगोळीत बोटानं रेघा ओढून सांगत, "तू भूदलाच्या बाजूनं वर जातोस. मी उत्पादनाच्या बाजूनं वर जातो. आपण एकदम मंत्र्यांपाशीच भेटतो. मधे कुठे गाठ नाही." श्रीधर म्हणायचा, "म्हणजे जेवायलासुद्धा मंत्र्यांकडेच भेटायचं?" आणि माई दोघांच्या पानात भात वाढत म्हणायच्या, "माझ्याकडे भेटा. मी सगळ्यांच्या वर आहे."

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली. श्रीधर पश्चिम सरहद्दीवरच्या एका चौकीवर होता. सुरतेत आम्ही खिडक्यांना काळे कागद चिकटवले, रेडिओभोवती बसलो, आणि लढाई संपली तेव्हा इमारतीत पेढे वाटले. माईंनी वाटले. त्यांना वाटलं, संपली म्हणजे आता तो येणार.

तार त्यानंतर आली. दुपारची वेळ, साहेब गिरणीत. माईंना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्या ती माझ्याकडे घेऊन आल्या. मी वाचली आणि परत वाचली. माई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हटलं, "माई, श्रीधर बेपत्ता आहे. सापडत नाहीये."

माईंनी श्वास सोडला. "सापडत नाहीये ना? म्हणजे शोधतायत." आणि माझ्याच ओट्याला टेकून खाली बसल्या. "शोधू दे. ह्यांचंच तर खातं आहे. आपल्याच माणसाचा मुलगा आहे म्हटल्यावर ते काय स्वस्थ बसतील?"

तिथून ते सुरू झालं. साहेब संरक्षण खात्यात आहेत, म्हणजे श्रीधर साहेबांच्याच खात्यात कुठेतरी आहे, आणि साहेबांना तर त्या खात्याचा कोपरान् कोपरा माहीत आहे. माईंचा हिशोब इतका साधा होता की त्यात चूक कुठे दाखवायची तेच कळेना. संध्याकाळी साहेब आले, उभ्यानंच तार वाचली, आणि माईंनी पाण्याचा तांब्या पुढे करत विचारलं, "आता कुणाकडे जायचं हे?" साहेब म्हणाले, "एजी शाखेकडे."

ते खरं होतं. पुढचं जवळजवळ वर्ष साहेब माईंना खरं तेच सांगत आले. एजी शाखेनं पलटणीकडे विचारलंय. पलटणीनं सांगितलंय की त्या रात्री चौकी हातची गेली, परत घेतली, तेव्हा तो तिथे नव्हता. परराष्ट्र खात्यामार्फत पलीकडे विचारलंय. रेडक्रॉसला विचारलंय. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून मला ते ऐकू यायचं. माईंचा प्रश्न, साहेबांचं उत्तर, मग माईंचं "बरं, बरं." साहेबांचं बोलणं धड्यासारखं असे, कोण कुणाला विचारतं, उत्तर कुठल्या वाटेनं येतं. माईंना त्याचा आधार वाटायचा. इतकी माणसं, इतकी टेबलं, कुठेतरी लागेलच की पत्ता.

पुढच्या हिवाळ्यात आपले युद्धकैदी परत आले. रेडिओवर बातमी होती. माईंनी घर सारवल्यासारखं पुसून काढलं, श्रीधरच्या गादीला नवा अभ्रा शिवला. तो त्या लोकांत नव्हता.

त्यानंतर एक दिवस मी माईंकडे त्यांचं पातेलं परत द्यायला गेले होते. साहेब घरी आले. चप्पल काढताना भिंतीचा आधार घेतला, असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. माई पदराला हात पुसत दारात आल्या आणि रोजच्यासारखं म्हणाल्या, "काय म्हणतात एजी शाखावाले?"

साहेबांनी दुसरीही चप्पल काढून भिंतीशी नीट लावली. मग म्हणाले, "अगं, एजी शाखेनं त्यांचं काम संपवलं. आता... आता प्रकरण दुसरीकडे गेलंय. शोध कक्षाकडे."

"हा कुठला?" माईंनी विचारलं. त्यांनाही एव्हाना सगळे विभाग पाठ झाले होते.

"आहे. साउथ ब्लॉकच्या मागे हटमेंट आहेत, लढाईच्या वेळच्या बराकी, तिथे बसतात. फार कुणाला माहीत नसतो."

मला तेव्हा वाटलं, असेल. नवीन निघाला असेल. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात थोडंच सगळं असतं? मी पातेलं ठेवलं आणि घरी आले.

शोध कक्ष हळूहळू वाढत गेला. त्याला एक अधिकारी मिळाले, चक्रवर्तीबाबू नावाचे, दम्याचे. एक मलिक नावाचा कारकून मिळाला, फाळणीत इकडे आलेला, उर्दू वाचणारा. पलीकडच्या तुरुंगांतून येणारे कागद उर्दूत असतात, ते तो वाचतो. माईंना या मलिकचा फार भरवसा. "त्याचं स्वतःचं गाव तिकडे राहिलंय, त्याला कळतं," म्हणायच्या. चक्रवर्तीबाबूंचा दमा वाढला की काम अडायचं, तेव्हा माई त्यांच्यासाठी अडुळशाचा काढा कसा करायचा ते साहेबांना सांगायच्या, कळवा म्हणायच्या. साहेब मान डोलवायचे. संध्याकाळी भिंतीपलीकडे आता हसूसुद्धा ऐकू यायचं, मलिकनं काय गंमत केली, चक्रवर्तीबाबूंना मासे मिळेनात म्हणून ते कसे चिडले. मला बरं वाटायचं. हे दोघं दिल्लीतल्या कुणा चांगल्या माणसांत रमलेत, असं वाटायचं.

संक्रांत आली तेव्हा माईंनी तिळाचे लाडू केले आणि एक मोठा डबा भरून साहेबांच्या हातात दिला. "शोध कक्षाला पाठवा. बिचारे आपल्या मुलासाठी खपतायत, त्यांना कोण देणार तिळगूळ?" डब्यावर त्यांनी चिठ्ठी लावायला लावली, मलिकसाठी मऊ लाडू वेगळे, त्याचे दात दुखतात म्हणून.

आठवड्यानं शाळेत एका मुलीची आई मला भेटायला आली. ती खानदेशातली, नवरा त्याच गिरणीत मागावर. मुलीच्या अभ्यासाचं बोलून झालं तशी ती घुटमळली. "बाई, तुमना शेजारे ऱ्हातस ना चौबळसायेब? त्यासनी आमले तिळना लाडू दिनात. आख्खा खाताले. तो मानूस कव्हयबी कोन्हा चहा पेस नही, कोन्ले काही देस नही, आन् येक डाव डबा खोलीसन वाटी दिनात. वाटता वाटता डोळा पुशी ऱ्हायंतात." मग आवाज खाली आणून म्हणाली, "सायेबनी तब्येत ठीक शे ना?"

मी तिला काहीतरी बोलून वाटेला लावलं आणि वर्गात जाऊन बसले. दर वर्षी फळ्यावर काढते तो नकाशा मनात काढला. मंत्री, सचिव, तीन दलं, एजी शाखा, उत्पादन, पुरवठा, संशोधन, छावण्या, इस्पितळं. एकेक कोपरा. शोध कक्ष कुठेच बसत नव्हता. कुणाच्या खाली नव्हता, कुणाच्या शेजारी नव्हता. मुलं आत येईपर्यंत मी रडत होते.

त्या संध्याकाळी मी साहेबांना जिन्यात गाठलं. मी फक्त म्हटलं, "साहेब, लाडू गिरणीत वाटलेत तुम्ही."

ते जिन्याच्या पायरीवर बसले. एवढा इस्त्रीचा माणूस, धुळीच्या पायरीवर. "श्रीधर गेला, बाई," ते म्हणाले. "त्यांनी गिरणीच्या पत्त्यावर रीतसर कळवलं. मयत धरलंय. त्यांचं काही चुकलेलं नाही, सगळीकडे विचारून मग कळवलंय. मी सांगायलाच आलो होतो तिला त्या दिवशी. ती हात पुसत दारात आली आणि म्हणाली, काय म्हणतात एजी शाखावाले. आणि माझ्या तोंडून ते निघालं. एक दिवसापुरतं म्हणून निघालं. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, तिथला साहेब कोण."

मी विचारलं, "कधी सांगणार?"

"तुम्ही सांगू शकाल?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. मी आजही नाहीच म्हणेन.

माईंच्या पोटात गाठ निघाली ती त्याच उन्हाळ्यात. डॉक्टरांनी उशीर झाला म्हणून सांगितलं. त्यांना चालवेनासं झालं तशी मी शाळा सुटल्यावर त्यांच्यापाशी बसायला लागले. एक दिवस त्या अचानक म्हणाल्या, "सुमन, तू शिकवतेस ना मुलांना ते खात्याचं? तुझ्या पुस्तकात शोध कक्ष आहे का गं?"

त्यांचे डोळे माझ्यावर होते. आजारानं चेहरा गेला होता, डोळे तेवढे राहिले होते. मी म्हटलं, "माई, पुस्तकात सगळं कुठे येतं? फाटक्या मोज्याचं तरी कुठे होतं?"

माईंनी माझ्या हातावर थोपटलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला की मला सोडून दिलं, ते मला कळलं नाही, आणि आता कळायचं नाही.

शेवटच्या दिवसांत त्यांचं बोलणं तुटक झालं होतं. साहेब रजा टाकून उशाशी बसून असत. दिवसातून कितीदा तरी त्या विचारत आणि कितीदा तरी साहेब सांगत. मलिकला एक नाव सापडलंय, अक्षर पुसट आहे, पण चौबळसारखं दिसतंय. चक्रवर्तीबाबूंनी स्वतः बघितलंय. माई म्हणाल्या, "मलिकला म्हणावं घाई नको करू. नीट वाच. पण थंडीच्या आत कर म्हणावं, श्रीधरला थंडी सोसत नाही." साहेबांनी सांगतो म्हणून सांगितलं. पहाटे माई गेल्या. साहेबांनी त्यांच्या अंगावरची चादर नीट केली, कोपरा हातात धरून बघत राहिले, आणि मग त्यांना हुंदका आवरेना. त्या माणसाला मी तसं रडताना पाहिलं आणि मला त्याच्याहून वाईट काही आठवत नाही.

पुढच्या दिवसांत भिंतीपलीकडे काहीच ऐकू येत नसे. एकदा मात्र दिवेलागणीला साहेबांचा आवाज आला. "आज चक्रवर्ती..." एवढंच. माझी पोळी तव्यावर करपली.

गिरणीतूनही कळत होतं. माझे यजमान बँकेत नोकरीला होते; जयंतीभाई एक दिवस त्यांना तिथे भेटले. बसले आणि म्हणाले, "साहेब हवे बधुं पास करे छे." सगळं पास करतात. भिंग काढत नाहीत, तागा सरकत जातो, ते दुसरीकडेच बघत असतात. दुसरा कोणी व्यापारी असता तर खूश झाला असता. जयंतीभाईंना झोप लागेना. शेवटी साहेबांच्या टेबलावर जायच्या आधी ते स्वतःच तागे उजेडात धरून बघायला लागले आणि खराब असतील ते बाजूला काढायला लागले. "आटला वरसमां मने शीखवाडी दीधुं," म्हणाले. इतक्या वर्षांत मला शिकवून टाकलं. असं वर्षभर चाललं. मग साहेब निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी जयंतीभाईंनी चहा पुढे केला तेव्हा साहेबांनी तो उचलून पिऊन टाकला. लक्षातच आलं नाही त्यांच्या. जयंतीभाई उठून बाहेर गेले आणि मागांच्या खडखडाटात उभे राहिले.

साहेबांनी खोल्या सोडल्या आणि ते सुरतेला परत आले नाहीत. सामान न्यायला त्यांचा भाचा आला होता. म्हणाला, मामा आता नाशिकला आमच्याकडेच असतात, बरे आहेत, बोलत मात्र नाहीत फारसे. भाच्याला मी जास्त काही विचारलं नाही. दिल्लीचं तर अजिबातच विचारलं नाही.

कारण ते सुरतेहून निघाले तेव्हा त्यांना गाडीवर पोचवायला मी आणि माझे यजमानच गेलो होतो. आम्हाला वाटलं होतं बहिणीकडे निघालेत. फलाटावर पोचल्यावर कळलं की त्यांचं तिकीट दिल्लीचं आहे. यजमान पाणी भरून आणायला गेले आणि मी खिडकीपाशी उभी राहिले. साहेब आत बसले होते, मांडीवर एक छोटी पिशवी. कुणाकडे उतरणार, मी विचारलं. धर्मशाळेत, ते म्हणाले. मग कुणाकडे काम आहे?

"साउथ ब्लॉकच्या मागे हटमेंट आहेत ना," ते म्हणाले, "तिथे एकदा जाऊन येतो."

मला वाटलं, यांचं डोकं फिरलं. मी खिडकीचा गज धरला. "साहेब, तो कक्ष..."

"नाही. मला माहीत आहे," ते अगदी शांतपणे म्हणाले. "मीच काढला तो. चक्रवर्ती मी काढला, मलिकही मीच. मला वेड लागलेलं नाही, बाई." त्यांनी पिशवीचा बंद घट्ट केला, सोडला, परत घट्ट केला. "पण फार मोठं खातं आहे हो ते. आणि मी आपला कापडाच्या बाजूचा माणूस. त्यातलं सगळंच मला माहीत असेल, असं काही नाही ना?"

इंजिनाची शिटी झाली. गाडीनं धक्का दिला. साहेब माझ्याकडे बघत होते, उत्तराची वाट बघत होते, खरोखर वाट बघत होते. मी गज न सोडता गाडीबरोबर चालू लागले.

"नाही, साहेब," मी म्हटलं. "सगळं कुणालाच माहीत नसतं. तुम्ही जाऊन बघा. असेलही."